माशीचं पंचांग आणि आपला कचऱ्याचा डबा

(गणेशोत्सवात मंडळाच्या मांडवात झालेल्या भाषणाचा मजकूर)



गणपतीच्या मांडवात कचऱ्याच्या डब्यावर भाषण, हे ऐकून काहींना हसू आलं असेल. इथे भजन होतं, मुलांची नाटिका होते, पाककलेची स्पर्धा होते, आणि मध्येच हा माणूस डबा घेऊन उभा राहिला. पण कार्यकारिणीनं हा विषय सुचवला तेव्हा मला तो पटला. वर्षभरात आपल्या घरांतून सगळ्यात जास्त ओला कचरा निघतो तो याच दिवसांत. पावसाची ओलही याच दिवसांत सगळ्यात जास्त. घरात पाहुणे भरलेले, पोरंबाळं जमिनीवर खेळणारी आणि मोरीजवळ डबा काठोकाठ भरलेला. तेव्हा बोलायची वेळ हीच.

मी राज्य सरकारचा नोकर. शिक्षण डिप्लोमापर्यंत. डॉक्टर नाही, शास्त्रज्ञही नाही. पण नोकरीनिमित्त या तालुक्यातल्या वाड्या-वस्त्यांवर फिरावं लागतं. कुणाच्या घरी गेलं की बैठकीच्या खोलीबरोबर परसही दिसतं, आणि खरं सांगायचं तर घराची तब्येत परसातच कळते. तिथे जे पाहिलं, जे शिकलो, ते तुमच्यापुढे ठेवतो.

सांगायची गोष्ट एकच आहे. डब्यात कीड पडते ती दिवस मोजायचे राहून जातात म्हणून. माशी असो, डास असो, प्रत्येकाला जन्मायला ठरावीक दिवस लागतात. ते दिवस आपण पुरे होऊ दिले नाहीत, तर निम्म्या घरांत फवारा, पावडर, गोळी यांची गरजच पडणार नाही.

आधी माशीचं पाहू. घरमाशी ओल्या, कुजक्या जिन्नसावर अंडी घालते. भाताची शितं, फळांच्या साली, मासळीचे तुकडे तिला फार प्रिय. एका वेळी शंभर-सव्वाशे अंडी, आणि आयुष्यात असे चार-पाच घाणे सहज. अंड्यातून अळी यायला पुरा एक दिवसही लागत नाही. ती अळी उबदार दिवसांत चार ते सात दिवस खात बसते. मग तिचा कोष होतो, आणि आणखी चार-पाच दिवसांनी त्यातून माशी बाहेर येते. म्हणजे अंड्यापासून माशीपर्यंत उन्हाळ्यात आठ-दहा दिवस, गारठा असेल तर थोडे जास्त. हे झालं माशीचं पंचांग.

या पंचांगात आपल्या कामाची तिथी कोणती? चौथा दिवस. अळी कोष करायच्या आधी कोरडी जागा शोधत डब्यातून बाहेर पडते. झाकणाच्या कडेला, भिंतीवर, फरशीच्या फटीत पांढऱ्या अळ्या चढताना दिसतात त्या याच. बायका घाबरतात, "एका रात्रीत एवढ्या आल्या कुठून?" म्हणतात. एका रात्रीत आलेल्या नसतात. चार-पाच दिवस आत होत्या, आता फक्त बाहेर निघाल्या आहेत. एकदा त्या फटीत गेल्या की डबा कितीही घासा, माश्या होणारच. म्हणून ओल्या कचऱ्याचा डबा रोज रिकामा झाला तर उत्तमच. नाहीच जमलं तर तीन दिवसांपलीकडे एकही गोष्ट त्यात राहता कामा नये. आणि आठवड्यातून दोनदा डबा धुतला गेलाच पाहिजे, कारण रिकामा केलेल्या डब्याच्या तळाशी जो चिकट थर राहतो, तेवढा अळ्यांना पुरतो.

दुसरी गोष्ट पाण्याची. कचऱ्याला वास येतो तो बहुतेक पाण्यामुळे. भाजीची सालं कोरडी असतील तर दोन दिवस काही होत नाही. त्यातच आमटीचा तळ, ताकाचं पाणी, चहाचा चोथा पिळल्याशिवाय टाकला, की खाली काळं पाणी साठतं आणि संध्याकाळपर्यंत वास सुटतो. म्हणून मोरीत एक जाळीची चाळण ठेवा. उष्टं, चोथा, शितं आधी तिच्यात निथळू द्या, मग डब्यात टाका. डब्याच्या तळाला जुन्या वर्तमानपत्राचा जाड थर घाला. ज्यांच्याकडे चूल आहे त्यांनी मूठभर राख पसरावी. राख ओल शोषते, वास कमी करते आणि मुंग्यांनाही आवडत नाही. आपल्या आज्ज्या उकिरड्यावर राख टाकत होत्या ती उगाच नव्हे.

आपल्याकडे मासळीचा दिवस हा डब्याच्या दृष्टीनं सगळ्यात कठीण. कारवारहून येणारी गाडी वार बघून येते आणि कचऱ्याची गाडी तिच्या वारानं येते. दोघींचा मेळ बसत नाही. मग मासळीची खवलं-कल्ले दोन दिवस डब्यात. यावर घरातल्या बायकांनीच शोधलेला एक उपाय मला फार आवडला: मासळीचा कचरा कागदात गुंडाळून, एका जुन्या डब्यात घालून, घट्ट झाकण लावून फ्रीजच्या बर्फाच्या कप्प्यात ठेवायचा आणि गाडीच्या दिवशी बाहेर काढायचा. सोवळं-ओवळं पाळणाऱ्या घरांत हे चालणार नाही, हे मला ठाऊक आहे. त्यांनी परसात खड्डा करावा, पण तो हातभर खोल हवा, वर माती दाबून त्यावर जड दगड हवा. उथळ खड्डा म्हणजे कुत्र्यांना आणि रानडुकरांना आमंत्रण.

आता धुण्याबद्दल. डबा धुण्याचा क्रम महत्त्वाचा आहे. आधी कोरडी घाण काढायची, मग साबणाच्या पाण्यानं खराट्यानं किंवा जुन्या ब्रशनं घासायचं. झाकणाची आतली बाजू, काठ आणि कड्या विसरायच्या नाहीत, कारण माशी अंडी तिथेच घालते. त्यानंतर कडकडीत पाणी ओतलं तर उरलेली अंडी-अळ्या मरतात. डबा पातळ प्लास्टिकचा असेल तर मात्र उकळतं पाणी त्याला वाकडं करतं, तेव्हा बेतानं. शेवटी पंधरा दिवसांतून एकदा बादलीभर पाण्यात दोन-तीन मोठे चमचे ब्लीचिंग पावडर कालवून त्या पाण्यानं डबा धुवावा, दहा-पंधरा मिनिटं तसाच ठेवावा आणि स्वच्छ पाण्यानं विसळावा.

पुष्कळ घरांत उलटं चालतं. डबा घासत नाहीत, वरून फिनेल ओततात. फिनेलचा वास आला की घर स्वच्छ झालं असं आपल्याला वाटतं. पण चिकट थरावर ओतलेलं फिनेल थराच्या खाली पोचतच नाही. आधी घासणं, मग औषध. औषध आधी आणि घासणं कधीच नाही, असं करून उपयोग नाही.

इथे एक इशारा देतो, आणि तो घरी जाऊन सुनेला, मुलीला, कामाला येणाऱ्या बाईंनाही सांगा. ब्लीचिंग पावडर आणि संडास धुण्याचं अ‍ॅसिड कधीही एकत्र करू नका. दोन्ही मिळून जास्त स्वच्छ होईल असं वाटतं. प्रत्यक्षात त्यातून क्लोरीनचा विषारी वायू निघतो. बंद मोरीत तो छातीत गेला तर माणसाला दवाखान्यात न्यावं लागतं.

धुतलेला डबा वाळवायचा कसा, हा आपल्या भागातला खरा प्रश्न. देशावरच्या पुस्तकात लिहिलेलं असतं, "डबा उन्हात वाळवावा." आषाढ-श्रावणात इथे ऊन कुठून आणायचं? कपडे चार-चार दिवस वाळत नाहीत. तर उपाय असा की ओल्या कचऱ्याचे डबे दोन ठेवा, लहान आकाराचे. एक वापरात, दुसरा धुऊन पडवीत पालथा, खाली दोन विटा घालून वारं लागेल असा. तीन दिवसांनी अदलाबदल. मोठा एकच डबा घेतला की तो भरेपर्यंत आठवडा जातो, आणि आठवडा म्हणजे काय ते आता आपल्याला कळलं आहे. कचरा जेवढा कमी वेळ थांबेल तेवढा डबा लहान हवा.

ज्यांच्याकडे जागा आहे त्यांनी ओल्या कचऱ्याचं खत घरीच करावं. कुळगीसारख्या गावात प्रत्येक घराला थोडं तरी परस आहे. खताच्या डब्यात अळ्या होतात ही तक्रार नेहमीची. त्याचं कारण वाळका पाला कमी पडतो. एक ओंजळ ओला कचरा टाकला की वर दोन ओंजळी वाळका पाला, हे प्रमाण धरा. पावसाळ्यात वाळका पाला मिळत नाही म्हणून फाल्गुन-चैत्रात सागाचा, बांबूचा, फणसाचा पाला पोत्यांत भरून पडवीत ठेवून द्या. आपण जळाऊ लाकूड पावसाआधी भरतो ना, तसंच. आणि खताच्या डब्यात कधी जाड, मातकट रंगाच्या, चपट्या अळ्या दिसल्या तर घाबरू नका. त्या घरमाशीच्या नसतात. त्या काळ्या, लांबट माशीच्या अळ्या. ती माशी आपल्या जेवणावर बसत नाही आणि अळ्या कचरा झपाट्यानं खातात. त्यांच्यावर मात्र फिनेल ओतू नका. खतातले जीवही मरतील आणि खतही नासेल.

आता उंदराकडे वळतो. बाप्पासमोर उंदरांविरुद्ध बोलताना जरा चोरट्यासारखं होतं. पण बाप्पाचा उंदीर पाटावर, लाडू हातात घेऊन शोभतो. रात्री डबा उलथणारा उंदीर वेगळा.

त्याचा इतिहास आपल्या लोकांनी फार जवळून पाहिला आहे. १८९६ साली मुंबईत मांडवी भागात प्लेग निघाला. तो ओळखला डॉ. अकासिओ व्हिएगस या मूळच्या गोव्याच्या डॉक्टरांनी. मांडवी म्हणजे धान्याच्या वखारी, आणि वखारी म्हणजे उंदीर. पण उंदरावरची पिसू हा रोग पसरवते, हे तेव्हा कुणाला माहीत नव्हतं. ते पॉल-लुई सिमों या फ्रेंच डॉक्टरांनी १८९८ मध्ये कराचीत दाखवून दिलं. तोवर सरकार घरं धूत होतं, सामान जाळत होतं, माणसांना हलवत होतं, आणि उंदीर एका घरातून दुसऱ्या घरात जात होता. पुण्याचं १८९७ साल आपण सगळे जाणतो. त्याच साथीत रुग्णांची सेवा करताना १० मार्च १८९७ रोजी सावित्रीबाई फुले गेल्या. पुढे हीच साथ बेळगाव, हुबळी, धारवाडकडे आली. गावं रिकामी करून लोक माळावर झोपड्या बांधून राहिले, या गोष्टी तुमच्यापैकी काहींनी आजी-आजोबांच्या तोंडून ऐकल्या असतील.

आज आपल्याला प्लेगची भीती नाही. आज उंदराकडून येतो तो लेप्टोस्पायरोसिस. कानडीत त्याला इलीज्वर म्हणतात. उंदराच्या मुतातून जंतू ओल्या जमिनीत, साचलेल्या पाण्यात उतरतात आणि पायाच्या भेगेतून, जखमेतून अंगात शिरतात. २००५ च्या जुलैमधल्या पुरानंतर मुंबईत या तापाची मोठी साथ आली होती. आपल्याकडे शेतात, गोठ्यात, परसात अनवाणी वावरणारी माणसं पुष्कळ. तेव्हा दोन गोष्टी लक्षात ठेवा. डब्याभोवतीची जागा साफ करताना पायात चपला नकोत, बूट हवेत, हातात मोजे हवेत. आणि उंदराच्या लेंड्या कोरड्या झाडू नयेत, आधी ब्लीचिंगचं पाणी शिंपडून ओल्या करून मग उचलाव्यात. पावसाळ्यात जोराचा ताप, पोटऱ्या दुखणं, डोळे लाल होणं अशी लक्षणं दिसली तर घरी गोळ्या घेत बसू नका. प्राथमिक आरोग्य केंद्रात जा, आणि आपण चिखलात, गोठ्यात काम केलं होतं हे डॉक्टरांना आपणहून सांगा. वेळेवर कळलं तर हा ताप बरा होतो.

उंदीर घालवायचा म्हणजे त्याचं जेवण बंद करायचं. उंदरीण तीन आठवड्यांत विते, आणि एका वेळी सहा-आठ पिल्लं होतात. पिंजऱ्यानं पकडून हा हिशेब कधी पुरा होत नाही, जोवर डबा उघडा आहे. बोट जाईल एवढ्या भोकातून लहान उंदीर आरामात आत येतो. मऊ प्लास्टिकचा डबा तो कुरतडतो. म्हणून बाहेर ठेवायचा डबा पत्र्याचा किंवा जाड प्लास्टिकचा, घट्ट झाकणाचा हवा. रात्री मोरी कोरडी करून झोपा. झुरळांनाही हाच नियम लागू. झुरळ अन्नावाचून बरेच दिवस काढतं, पण पाण्यावाचून त्याला फार दिवस काढता येत नाहीत.

आणि विष? माझी हात जोडून विनंती आहे, डब्याजवळ विष ठेवू नका. बाजारात मिळणारी उंदराची पिवळ्या फॉस्फरसची पेस्ट माणसाच्या पोटात गेली तर यकृत निकामी करते, आणि तिच्यावर खास उतारा नाही. पाव-बिस्किटाला लावून ठेवलेली ती पेस्ट लहान मुलाच्या हाती लागली तर काय होईल, याचा विचार करा. शिवाय विष खाल्लेला उंदीर जाऊन पडतो परसात. त्याला घुबड खातं, धामण खाते, मुंगूस खातं. म्हणजे फुकटात उंदीर मारणारी आपली फौजच आपण मारतो. जुनी पांढरी बी.एच.सी. पावडर अजून कुणाच्या माळ्यावर असेल तर तीही वापरू नका. १९९७ पासून तिच्यावर बंदी आहे.

फौजेचा विषय निघाला म्हणून आपल्या जागेबद्दल बोलतो. दांडेलीहून अंबिकानगरच्या रस्त्यानं येताना कुळगी लागतं. वनखात्याचा निसर्ग शिबिराचा तळ इथे आहे, बाहेरगावची माणसं पैसे मोजून जंगल बघायला येतात. आपण त्या जंगलाचे शेजारी. १९५६ साली दांडेलीचं अभयारण्य झालं, २००७ मध्ये दांडेली-अणशी व्याघ्र प्रकल्प झाला, आणि २०१५ पासून त्याला काळी नदीचं नाव आहे. पुण्या-मुंबईच्या डब्याला फार तर भटकं कुत्रं आणि मांजर भेटतं. आपल्या डब्याचं गिऱ्हाईक कोण, ते सांगता येत नाही.

माकडांचं बघा. माकड एकदा डब्याचं झाकण उघडायला शिकलं की कळपाला शिकवतं. मग डबा झाला की स्वयंपाकघर. त्यांना जंगलातली फळं शोधायचे कष्ट नकोसे होतात आणि आपल्याला खिडकी उघडी ठेवता येत नाही. आपल्या जिल्ह्याला माकडताप, म्हणजे क्यासनूरचा ताप, ठाऊक आहे. १९५७ साली शिमोग्याच्या बाजूला तो पहिल्यांदा ओळखला गेला, आणि अलीकडे दोडामार्गपर्यंत पोचला. हा ताप कचऱ्यातून होत नाही, हे स्पष्ट सांगतो. तो गोचिडीच्या चाव्यानं होतो. पण माकडं त्या गोचिडी अंगावर वागवतात, तेव्हा त्यांना रोज अंगणात बोलावून घेण्यात शहाणपण नाही.

रानडुकराचं तेच. आणि कुत्र्यांचं त्याहून गंभीर. उघड्या कचऱ्यावर कुत्री वाढतात, आणि कुत्र्यांच्या मागे बिबट्या येतो. तेव्हाच्या नगर जिल्ह्यातल्या अकोले भागात विद्या अत्रेय आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी बिबट्यांच्या विष्ठेचा अभ्यास केला होता. तिथल्या बिबट्यांच्या खाण्यात वजनाच्या हिशेबानं साधारण ३९ टक्के वाटा एकट्या कुत्र्यांचा निघाला. तिथे उसाची शेतं आहेत, आपल्याकडे घनदाट जंगल आहे, हा फरक मान्य. तरी धडा एकच. आपण रात्री उष्टं उघड्यावर टाकतो तेव्हा त्या साखळीचं पहिलं टोक आपल्या हातात असतं. दुसऱ्या टोकाला काय बांधलं आहे, हे अंधारात दिसत नाही. शेजारच्या घरचं पोर संध्याकाळी शिकवणीहून परत येतं, ते त्याच रस्त्यानं.

म्हणून कुळगीसाठी एक जास्तीचा नियम. डबा रात्री बाहेर नको. पडवीला दार असेल तर पडवीत, नसेल तर मोरीत. बाहेरच ठेवावा लागला तर भिंतीला कडी मारून डबा तिला बांधा आणि झाकणावर रबराचा पट्टा किंवा सायकलच्या जुन्या ट्यूबची पट्टी ताणून लावा. सकाळी गाडीची घंटा ऐकू आल्यावर बाहेर काढा. आणि उष्टं प्लास्टिकच्या पिशवीत गाठ मारून टाकू नका. गाय गाठ सोडू शकत नाही, ती पिशवीसकट गिळते. हरणंही गिळतात.

सुक्या कचऱ्याच्या डब्याला कीड नाही असं आपण समजतो. तिथे डास आहे. डेंग्यूचा डास स्वच्छ पाण्यात वाढतो. करवंटी, दह्याचा कप, रंगाचा डबा, टायर, यांत चार चमचे पाणी साठलं की त्याला पुरे, आणि त्याचाही जन्माचा हिशेब आठ-दहा दिवसांचाच. म्हणजे पंचांग पुन्हा तेच. सुका कचरा छपराखाली, पालथा किंवा पोत्यात बांधून ठेवा. दुधाच्या, तेलाच्या पिशव्या विसळून वाळवून टाका. नाहीतर झुरळं तिथेच मुक्काम करतात.

आता या सणापुरतं बोलतो. आपल्यातल्या पुष्कळ घरांत बाप्पाच्या वर माटोळी बांधतात. काकडी, दोडकी, चिबूड, केळी, सुपारीचं शिपटं, रानातली फळं. तिसऱ्या-चौथ्या दिवशी त्यातलं पिकलेलं फळ गळू लागतं आणि बारीक चिलटं घोंगावू लागतात. पिकलेली फळं रोज संध्याकाळी उतरवून प्रसादात घ्या. चिलटं झालीच तर एका वाटीत थोडा व्हिनेगर आणि भांडी घासायच्या साबणाचा एक थेंब घालून कोपऱ्यात ठेवा, ती त्यात पडतात. निर्माल्य ओल्या कचऱ्यात मिसळू नका. दोरा, प्लास्टिकची फुलं, चकाकी काढून टाका, आणि फुलं-दूर्वा परसातल्या खतात किंवा झाडाच्या बुंध्याशी घाला. काळी नदीला आपली फुलं नकोत, तिला आपण तशीच स्वच्छ परत दिली तर ती प्रसन्न होईल. महाप्रसादाला केळीचं पान किंवा पत्रावळ वापरणाऱ्या मंडळाचं मी अभिनंदन करतो. पण पानंसुद्धा मांडवामागे ढीग करून रात्रभर ठेवली तर उपयोग नाही. जेवणं उरकली की त्याच संध्याकाळी खड्ड्यात, वर माती. स्वयंसेवकांची एक तुकडी वाढायला असते, तशी एक तुकडी उचलायला नेमा.

शेवटची गोष्ट, आणि माझ्या दृष्टीनं हीच सगळ्यात मोठी. हा डबा आपल्यानंतर कुणीतरी उचलतं. आपल्या राज्यात पुष्कळ पंचायतींत कचऱ्याची गाडी, स्वच्छ वाहिनी, महिला बचतगटांतल्या बायका चालवतात. त्यांच्यातल्या एका ताईंनी मला सांगितलं, "साहेब, डबा उचलला की घर कळतं. घर मोठं असतं, गाडी असते, आणि डब्याला हात लावला की अळ्या मनगटावर चढतात." त्या हे तक्रारीच्या सुरात बोलल्या नाहीत, हे मला जास्त लागलं. फुटलेली काच, सुई, दाढीचं पातं, वापरलेले पॅड हे सगळं त्या हातांनी वेगळं करतात. ओला, सुका आणि घातक कचरा घरातच वेगळा ठेवायचा, पॅड नीट गुंडाळून द्यायचे, ही जबाबदारी २०१६ च्या केंद्राच्या नियमांनी घरमालकावर टाकली. म्हणजे त्या जे मागतात ते उपकार म्हणून मागत नाहीत. काच जाड कागदात गुंडाळून वर लाल खूण करा. पॅड वेगळ्या पुडीत द्या. डबा धुतलेला द्या. दिवाळीला साडी देण्यापेक्षा त्यांना याचं सुख जास्त आहे.

आपण या मुलखात दोन-तीन पिढ्यांपासून आहोत. कुणाचे आजोबा लाकडाच्या कामाला आले, कुणाचे वडील कागदाच्या गिरणीत, कुणी वीज प्रकल्पावर. कानडी शिकलो, इथलेच झालो. आपला गणपती, आपलं भजन, आपली पुरणपोळी आपण टिकवली, आणि शेजाऱ्यांनाही ती आवडते. मराठी माणसाच्या ओळखीत संत गाडगेबाबांचा खराटाही आहे. तो बाबा कीर्तनाला उभा राहायच्या आधी गाव झाडत असे. आपण गाव झाडायला नको, निदान आपल्या परसातला डबा तरी तिसऱ्या दिवशी रिकामा करू. स्वयंपाकघरातल्या कॅलेंडरवर एकादशी-चतुर्थीची खूण आपण करतोच. तिथेच बुधवारी आणि रविवारी "डबा" एवढं लिहून ठेवा. ज्या घरात ते काम वहिनींच्या अंगावर पडत असेल, तिथे पुरुषमंडळींनी ते आपल्याकडे घ्यावं, ही सूचना मी जाता जाता करतो. समोरच्या रांगेतून टाळ्या कुणी वाजवल्या ते मी पाहिलं आहे.



गणपती बाप्पा मोरया!